प्रश्नचिन्हामागे दडलेली टोळी : मराठी वृत्तवाहिन्यांच्या संपादकांना खुले पत्र

मराठी वृत्तवाहिन्यांच्या सर्व संपादकांना,

सप्रेम नमस्कार.

मी सांगली जिल्ह्यात, जतला लागून असलेल्या तालुक्यात, एका वाडीवरच्या जिल्हा परिषद शाळेत शिकवते. पहिली ते चौथी, पट ४१, शिक्षक दोन. माझा मुलगा त्याच शाळेत तिसरीत आहे. घरी सासूबाई असतात आणि त्यांच्या सोबतीला तुम्ही असता. सकाळी दूध तापत ठेवल्यापासून रात्रीची गोळी घेईपर्यंत. एका रविवारी मी घड्याळ लावून मोजलं, सात तास भरले. आमच्या घरात माझ्यापेक्षा तुम्हीच जास्त बोलता. त्यामुळे असं पत्र लिहिण्याइतकी आपली ओळख आहे, असं मी धरून चालते.

निमित्त गेल्या महिन्यातल्या एका मंगळवारचं. शेजारच्या गावातल्या किराणा दुकानासमोरचं सीसीटीव्हीचं दृश्य तुमच्यापैकी एका वाहिनीने दाखवलं. नऊ सेकंदांचं. एक मुलगा पायरीवर उभा आहे, पांढरी गाडी थांबते, दार उघडतं, मुलगा आत बसतो, गाडी जाते. मुलाभोवती तुम्ही लाल वर्तुळ काढलंत, गाडीवर बाण मारलात आणि खाली लिहिलंत : 'मुलं पळवणारी टोळी सक्रिय?' सकाळी साडेनऊला ते सुरू झालं. अकराच्या सुमारास त्या गावच्या पोलीस पाटलांनी ग्रुपवर टाकलं, की गाडी मुलाच्या मामाची आहे, गावच्या जत्रेसाठी तो भाच्याला न्यायला आला होता आणि मुलाला आईनेच पायरीवर उभं केलं होतं. दुपारी ठाणे अंमलदारांनी फोनवर विचारणाऱ्या प्रत्येकाला तेच सांगितलं. तुमच्याकडे मात्र टोळी रात्री नऊपर्यंत सक्रिय राहिली. दुसऱ्या दिवशी ती गेली कुठे, ते काही कोणी सांगितलं नाही.

वाहिनीचं नाव मी लिहीत नाही. नाव लिहिलं की बाकीचे सगळे सुटतात, आणि रिमोटची बटणं दाबत गेलं तर या बाबतीत मला तुमच्यात फारसा फरक दिसत नाही.

आता माझी गाऱ्हाणी मांडते.

पहिलं त्या प्रश्नचिन्हाचं. 'टोळी सक्रिय?' हा प्रश्न तुम्ही नेमका कोणाला विचारता? आम्हाला? आम्हाला ठाऊक असतं तर आम्ही टीव्ही कशाला लावला असता? पोलीस ठाण्यात एक फोन केला की ज्याचं उत्तर मिळतं, तो प्रश्न बारा तास पडद्यावर टांगून ठेवणं याला विचारणं म्हणत नाहीत. सासूबाई चौथी शिकल्यात. त्यांना अक्षरं वाचता येतात, विरामचिन्हं त्या वाचत नाहीत. त्यांनी वाचलं 'टोळी सक्रिय', आणि शेजारच्या काकूंना सांगितलं, "पोरं धरणारी आल्यात म्हणं." केबल टेलिव्हिजनच्या नियमांतल्या सहाव्या नियमात, म्हणजे तुमच्या कार्यक्रम संहितेत, खोटे, सूचक टोमणे आणि अर्धसत्यं चालणार नाहीत असं लिहिलेलं आहे. हे मी शोधून वाचलं. तुम्हाला ते पाठ असणार.

दुसरं गाऱ्हाणं त्याच त्या दृश्याच्या फिरत राहण्याचं, तुमच्या भाषेत लूपचं. यावर मी जरा जास्त बोलणार आहे, कारण ते माझ्या घरात घडलं. संध्याकाळी मी शाळेतून आले तेव्हा मुलगा आजीजवळ बसला होता. जेवताना त्याने विचारलं, "आई, आज सतरा पोरं नेली. सगळ्यांना मारून टाकलं का?" मला आधी कळेचना. मग लक्षात आलं, की तो मोजत होता. दर वेळी दार उघडतं, मुलगा आत जातो, गाडी निघते. सतरा वेळा दिसलं म्हणजे सतरा मुलं. सगळ्यांचा शर्ट निळाच कसा, असं मी त्याला विचारलं. तो म्हणाला, "शाळेचा ड्रेस असेल." त्याला बेरीज शिकवणारी मीच. बेरीज बरोबर होती.

त्या रात्री त्याने दाराला आतून स्टूल लावलं आणि स्टुलावर स्टीलचा तांब्या ठेवला, कोणी दार ढकललं तर वाजावा म्हणून. पुढचे बारा-तेरा दिवस तो तांब्या तिथेच होता. शाळेत मुतारी इमारतीच्या मागे आहे. तिथे मुलं तिघा-तिघांनी जायला लागली. पहिलीतली दोन तर जायचीच नाहीत, मग वर्गातच व्हायचं. लांबच्या वस्तीवरची अकरा मुलं दोन किलोमीटर चालत घोळक्याने येतात. त्या आठवड्यात त्यातली चारच आली. मुली एकही नाही. पालकांना भेटायला गेले तर एका आजीने मला टीव्हीकडे बोट दाखवलं. मुलींची शाळा बुडायला आमच्याकडे आधीच कारणं कमी नाहीत. आता त्यात तुमची भर.

नंतर काही पालकांनी तोड काढली, की मुलांना मोटारसायकलवरून सोडायचं. एका गाडीवर बाप आणि तीन पोरं, डोक्याला काही नाही, आणि महामार्ग ओलांडायचा. भारतात २०२२ या एका वर्षात रस्ते अपघातांत १ लाख ६८ हजार ४९१ माणसं मेली, हा केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाचा आकडा आहे. त्या मोटारसायकलींकडे बघताना मला खरी भीती वाटली. कोणी लाल वर्तुळ काढायचंच असेल तर तिथे काढावं.

बोस्टनमध्ये २०१३ साली मॅरेथॉनच्या वेळी बॉम्बस्फोट झाले, त्यानंतर अमेरिकेतल्या संशोधकांनी एक पाहणी केली होती. पुढच्या आठवड्यात रोज सहा तास किंवा त्याहून जास्त वेळ स्फोटाच्या बातम्या पाहणाऱ्यांमध्ये तीव्र ताणाची लक्षणं प्रत्यक्ष तिथे हजर असलेल्यांपेक्षाही जास्त आढळली. सहा तास. सासूबाईंचे सात भरतात हे वर लिहिलंच आहे. त्यांचा रक्तदाब हल्ली का वाढतो, ते डॉक्टरांना कळत नाही.

तिसरं, आवाज. मे २०२५ मध्ये, भारत-पाकिस्तान संघर्षाच्या वेळी, हवाई हल्ल्याचे भोंगे तुम्ही बातम्यांखाली पार्श्वसंगीतासारखे वाजवलेत. ७ मे रोजी देशभर २४४ जिल्ह्यांत नागरी संरक्षणाची रंगीत तालीम ठरली होती, भोंगा वाजला तर काय करायचं हे लोकांनी शिकायचं होतं. आणि तुमच्याकडे भोंगा सकाळ-संध्याकाळ चालूच. माझा मुलगा दोनदा पलंगाखाली गेला. तिसऱ्यांदा गेला नाही, आणि मला तीच गोष्ट जास्त लागली. शेवटी १० मे रोजी केंद्रीय गृह मंत्रालयाच्या नागरी संरक्षण महासंचालनालयाला वाहिन्यांना लेखी सांगावं लागलं, की कार्यक्रमांत हे भोंगे वापरू नका, रोज ऐकून लोक खऱ्या भोंग्यालाही दाद देणार नाहीत. एवढी साधी गोष्ट सरकारने सांगेपर्यंत तुमच्या न्यूजरूममध्ये कोणाला सुचू नये? आमच्या टोळीच्या बातमीखाली भोंगा नव्हता, पण ढोलासारखं काहीतरी धडधडत होतं. तेवढं तरी कशासाठी? मामा भाच्याला घेऊन चालला होता.

चौथं गाऱ्हाणं, तुम्ही जे सांगत नाही त्याचं. 'राज्यातून इतक्या महिन्यांत इतकी मुलं बेपत्ता, अपहरणात इतकी वाढ' हा आकडा तुम्ही वर्षातून एक-दोनदा मोठ्या अक्षरांत देता. यामागचं गणित देत नाही. १० मे २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने बचपन बचाओ आंदोलनाच्या याचिकेवर आदेश दिला, की मूल हरवल्याची तक्रार आली की ते अपहरण किंवा तस्करी आहे असं धरून गुन्हा नोंदवायचा. आदेश चांगलाच आहे. त्याआधी "येईल संध्याकाळपर्यंत" म्हणून आईबापांना ठाण्यातून परत पाठवायचे. पण त्यामुळे परीक्षेला घाबरून मावशीकडे पळालेला, रागाने रेल्वेत बसलेला, मित्राबरोबर निघून गेलेली सतरा वर्षांची मुलगी, सगळी कागदावर 'अपहरण' होतात. यातली कितीतरी मुलं काही दिवसांत घरी येतात. हरवलेल्या मुलांना शोधायला पोलीस 'ऑपरेशन मुस्कान' राबवतात. गेलेल्यांचा आकडा सांगताना आलेल्यांचा आकडा त्याच ओळीत का येत नाही? बँकेच्या पासबुकात फक्त काढलेले पैसे छापले, तर तुम्ही बँकेत जाऊन भांडाल.

आणि याहून मोठी लपवाछपवी दुसरीच आहे. पॉक्सो कायद्याखालच्या, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराच्या, बहुसंख्य प्रकरणांत आरोपी मुलाच्या ओळखीचा असतो, हे राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचे अहवाल वर्षानुवर्षं सांगताहेत. नात्यातला, शेजारचा, शिकवणीचा, विश्वासाचा. बदलापूरला ऑगस्ट २०२४ मध्ये ज्याच्यावर आरोप झाला, तो शाळेतलाच कर्मचारी होता. ती बातमी तुम्ही लावून धरलीत ते बरोबरच केलंत, २० ऑगस्टला पालक रुळांवर उतरले नसते आणि तुम्ही तिथे नसतात तर काय झालं असतं सांगता येत नाही. भीतीदायक बातम्या दाखवू नका असं माझं म्हणणंच नाही. मी वर्गात मुलांना 'चांगला स्पर्श, वाईट स्पर्श' शिकवते. त्यात सगळ्यात अवघड वाक्य हे असतं, की ओळखीच्या माणसालाही नाही म्हणायचं. तुमच्या पांढऱ्या गाडीने त्या वाक्यावर पाणी ओतलं. आता मुलांच्या डोक्यात पक्कं बसलंय, की धोका बाहेरून येतो, गाडीतून येतो, अनोळखी असतो. घरातल्या काकाकडे मग कोण बघणार?

पाचवं. हे लिहिताना हात जड होतो.

आमच्या वाडीत वासुदेव येतो. मोरपिसांची टोपी, हातात टाळ-चिपळ्या, पहाटे ओट्यावर उभा राहून "दान पावलं" म्हणतो. म्हातारा आहे, त्याच्या बापापासून हीच गावं त्यांच्याकडे. त्या मंगळवारनंतर तिसऱ्या दिवशी तो आला तेव्हा पोरं किंचाळत घरात पळाली आणि चार तरण्या मुलांनी त्याला पारावर बसवून आधार कार्ड मागितलं. झोळी उलटी केली. ज्वारी, तांदूळ, एक स्वेटर, बिडीचं बंडल. माझे सासरे असते तर त्यांनी त्या पोरांना उभं केलं नसतं. मी गेले, ओळख सांगितली, प्रकरण मिटलं. त्याने टोपी काढून पिशवीत ठेवली आणि बोडक्या डोक्याने एसटीच्या थांब्याकडे गेला.

मिटलं म्हणजे आमच्याकडे मिटलं. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातल्या राईनपाड्यात आठवडी बाजाराच्या दिवशी पाच माणसं एसटीतून उतरली. नाथपंथी डवरी गोसावी, भिक्षेकरी. मुलं पळवणारे म्हणून जमावाने त्यांना ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून ठेचून मारलं. त्यातली बहुतेक माणसं मंगळवेढा तालुक्यातली होती. मंगळवेढा म्हणजे आमच्या जतच्या पलीकडचाच तालुका, सोयरिकी होतात तिकडे. एप्रिल २०२० मध्ये पालघरच्या गडचिंचले गावात दोन साधू आणि त्यांचा गाडीचालक मारला गेला, तेव्हाही हवेत चोरांच्या आणि मुलं पळवणाऱ्यांच्याच अफवा होत्या. १३ सप्टेंबर २०२२ रोजी जत तालुक्यातल्या लवंग्यात पंढरपूरला निघालेल्या चार साधूंना काठ्यांनी मारलं. त्यांनी एका मुलाला रस्ता विचारला होता.

राईनपाड्याची अफवा मोबाइलवरून पसरली, तुमच्याकडून नाही, हे मला मान्य आहे. त्या वेळी देशभर फिरलेल्या एका चित्रफितीत दुचाकीवरचे दोघं मूल उचलून नेताना दिसत होते. ती मुळात पाकिस्तानातल्या कराचीत मुलांच्या सुरक्षिततेसाठी केलेली जाहिरात होती, आणि मूल परत आणून ठेवल्याचा शेवट कोणीतरी कापून टाकला होता, हे पत्रकारांनीच शोधून काढलं. पुढे त्याच जुलैत व्हॉट्सॲपने भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवता येईल अशी मर्यादा घातली. तुमच्या लूपला अशी मर्यादा कोणी घातली? उलट मोबाइलवरची अफवा लोक निदान "खरं का खोटं बघ" म्हणून पाठवतात. तुमचा लोगो कोपऱ्यात असला की ते विचारत नाहीत. आमच्या ग्रुपवर त्या दिवशी फिरला तो तुमच्याच पडद्याचा मोबाइलवर काढलेला व्हिडिओ. पोलीस पाटलांचा खुलासा त्याच्याखाली कुठच्या कुठे गेला.

सहावं गाऱ्हाणं छोटं आहे. दुसऱ्या दिवशी तुमचा स्थानिक प्रतिनिधी आमच्या शाळेच्या फाटकाशी आला आणि दुसरीतल्या मुलीपुढे माइक धरून म्हणाला, "भीती वाटते का गं?" पोर रडायला लागली. ते दृश्य चाललं. चेहरा धूसर केला होता, मागची शाळेची पाटी स्पष्ट. गंमत म्हणावी तर त्याची गाडीही पांढरीच होती. माझ्या मुलाने वहीच्या मागच्या पानावर संशयित गाड्यांचे नंबर लिहायला घेतले होते, त्यात पहिला नंबर त्याचा आहे. बिचाऱ्याचा दोष तेवढाच, की त्याला बातमीमागे पैसे मिळतात आणि वरून फोन येतो, "फॉलोअप पाठव."

यावर तुम्ही काय म्हणाल ते मला ठाऊक आहे. रिमोट तुमच्या हातात आहे. खरं आहे, आणि आमची चूक आम्ही सुधारतोय. आता जेवताना टीव्ही बंद असतो, सासूबाई थोड्या रुसल्यात, कीर्तनाच्या चॅनेलवर तडजोड झाली. पण तालुक्याच्या दवाखान्यात नंबर लागेपर्यंत तुम्हीच, एसटी स्टँडवरच्या हॉटेलात तुम्हीच, मुलाचे केस कापायला नेलं तर आरशाच्या वर तुम्हीच. तिथला रिमोट कोणाच्या हातात असतो?

तुमच्या धंद्याचंही थोडंफार कळतं. चोवीस तास भरायचे, माणसं कमी, शेजारच्या वाहिनीने चालवलं की आपण मागे पडलो असं वाटतं. आमच्याकडेही दोन शिक्षकांत चार वर्ग आहेत. म्हणून काही मी मुलांना चुकीचा पाढा शिकवत नाही.

मागण्या साध्या आहेत :

१. मूल पळवल्याची बातमी संबंधित पोलीस ठाण्याशी बोलल्याशिवाय चालवू नका. ठाण्याचं म्हणणं त्याच पहिल्या बातमीत हवं. प्रश्नचिन्ह लावून सुटका नको.

२. दृश्य पुन्हा दाखवताना 'आज सकाळचं, एकच घटना' असं त्या दृश्यावर मोठ्या अक्षरात ठेवा. किती वेळा दाखवायचं याला हद्द घाला. ती तुमची तुम्हीच ठरवा आणि जाहीर करा.

३. बातमी खोटी ठरली तर खुलासा तेवढाच वेळ, त्याच वेळेला, त्याच आवाजात. मध्यरात्री पट्टीवरून पळवू नका. सासूबाईंना पळती पट्टी वाचता येत नाही.

४. मुलांविषयीच्या बातमीखाली भोंगे, धडधड, लाल झगमगाट बंद.

५. बेपत्ता मुलांचा आकडा द्याल तिथे सापडलेल्यांचा द्या, आणि पट्टीवर १०९८ हा चाइल्ड हेल्पलाइनचा नंबर ठेवा. तो आमच्या चौथीतल्या मुलांना पाठ आहे, त्यांच्या आईबापांना नाही.

६. शाळेच्या दारात मुलांपुढे माइक धरू नका. ओळख लपवायची तर पाटी, गणवेश, गल्ली सगळंच लपवा. बाल न्याय कायद्याचं कलम ७४ तुमच्या डेस्कवर चिकटवून ठेवा.

७. तुमच्या तक्रार अधिकाऱ्याचं नाव आणि पत्ता दिवसातून चार वेळा पडद्यावर मराठीत दाखवा. मला ते वेबसाइटच्या तळाशी बारीक इंग्रजीत सापडायला पाऊण तास लागला.

त्या पत्त्यावर मी तक्रार केली आहे. २०२१ साली केबलच्या नियमांत दुरुस्ती झाली, त्यानुसार २४ तासांत पोच आणि १५ दिवसांत निकाल द्यायचा असतो. आज एकोणिसावा दिवस आहे. पोचही नाही. तक्रार आता पुढच्या पायरीवर, वाहिन्यांच्या स्वयंनियमन संस्थेकडे पाठवते आहे, आणि हे पत्र सगळ्यांसाठी उघडं ठेवते आहे. सेवाशर्तींमुळे नाव घालत नाही. तक्रारीवर ते आहे, ज्यांना हवं त्यांना तिथे सापडेल.

तांब्या गेल्या आठवड्यात स्वयंपाकघरात परत आला. नंबरांची वही अजून दप्तरात आहे. वासुदेव त्यानंतर आमच्या वाडीत आलेला नाही. त्याचं गाव आटपाडीकडचं आहे एवढंच मला माहीत आहे, फोन त्याच्याकडे नव्हता. तुमचा प्रतिनिधी त्या बाजूला गेला तर तेवढी चौकशी करायला सांगा.

आपली,
जिल्हा परिषद शाळेतली एक शिक्षिका,
जि. सांगली